बारा पडदे, एक खुर्ची

३ मे, रविवार

आजपासून रोजनिशी परत सुरू. मागची जानेवारीत धरली होती, ती संक्रांतीपर्यंत गेली. यंदा थोडंच लिहायचं, पण नेमाने लिहायचं. निवृत्त माणसाला शिस्त लागते, नाहीतर घरातले त्याला दळण आणायला पाठवतात.

दुपारी जेवताना भागवतने मागच्या खोलीचा विषय पुन्हा काढला. धाकटा भाऊ आहे, शाळेत मास्तर आहे, त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची सवय. त्याची भक्ती यंदा बारावीला. नांदेडला क्लास लावलाय, सकाळच्या गाडीने जाते. तिला अभ्यासाला मागची खोली रिकामी करून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. करू म्हणालो.

खोलीत सामान आहे. पूर्णा स्टेशनच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं, तेव्हाचं. वायरची भेंडोळी, जुने फोन, दोन मॉनिटर, बॅटरीचे डबे. लोकांना ते भंगार वाटतं. एकेक वस्तू बघून, पुसून, लावून ठेवायची म्हटलं तर पावसाळा संपेल. भागवत म्हणाला, शाळेला सुट्टीच आहे, मीच काढतो. त्याला कोणती वायर कशाची ते कळणार नाही. नको म्हणालो.

शिवाय अडचण खोलीची नाहीच. अडचण मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरची आहे. कॉम्प्युटर एक, घरात माणसं सहा, त्यावरून रोज तकरार. भक्तीला क्लासची टेस्ट द्यायची असते तेव्हाच तिच्या आईला, म्हणजे शिवकन्याला, ब्लाउजचे गळे बघायचे असतात. मुळावर घाव घातला पाहिजे. संकल्प: या महिन्यात कॉम्प्युटरचा प्रश्न निकाली.

ऊन फार आहे. कूलरचा पंप बिघडलाय. तोही बघायचा आहे.

५ मे, मंगळवार

हरिओमला फोन लावला. मुलगा पुण्याला असतो, हा कॉम्प्युटर त्यानेच दिवाळीत पाठवला. जुना आहे, विंडोज ओढवेना म्हणून त्याने लिनक्स घातलं. त्याला विचारलं, यावर किती माणसं बसू शकतात. तो रस्त्यात होता. म्हणाला, लिनक्स आहे बाबा, कितीही बसतील, मागे सहा कन्सोल असतातच. मग आवाज तुटला.

करून पाहिलं. कंट्रोल आणि ऑल्ट धरून ठेवायचं आणि वरच्या ओळीतलं एफ-वन दाबायचं. रंगीत पडदा गेला, काळा आला आणि नाव विचारू लागला. एफ-टू दाबलं, दुसरा काळा पडदा. असे सहा. एफ-सेव्हन दाबलं की नेहमीचा रंगीत पडदा परत हजर.

म्हणजे दिवाळीपासून घरात सहा दालनं पडून आहेत आणि आम्ही एका मागच्या खोलीसाठी डोकं फोडून घेतोय. एक्स्चेंज एकच असतं, एक्स्टेन्शन हवी तितकी निघतात. मी आयुष्यभर दुसरं काय केलं? भागवतला झोपेतून उठवून दाखवलं. तो बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग बरं म्हणाला आणि आंघोळीला गेला. त्याच्यावर परिणाम झालेला दिसला.

७ मे, गुरुवार

वाटप केलं. हे काम सोपं नाही. एक्स्चेंजमध्येही लहान नंबर मोठ्या साहेबाला आणि मोठा नंबर पार्सल ऑफिसला असायचा. नंबरात मान असतो, पंगतीत असतो तसाच.

पहिला पडदा अर्थात आबांचा. आबा कॉम्प्युटरकडे फिरकत नाहीत. दिवसभर खाटेवर पडून असतात आणि मधून मधून विचारतात, "गाडी गेली का रे?" कोणती गाडी ते सांगत नाहीत. पण वडील आहेत, एक नंबर त्यांचाच. दुसरा माझा. तिसरा भागवतचा. चौथा माझ्या बायकोचा, रुख्मिणीचा, ती घरातली थोरली सून. पाचवा शिवकन्याचा, सहावा भक्तीचा. सहा माणसं, सहा पडदे. असं जुळून यायला नशीब लागतं.

दुपारी जाहीर केलं. आबा म्हणाले, मला खोकल्याचं औषध द्या. रुख्मिणी म्हणाली, मला नंबरबिंबर नको. बायको असून मोठेपणा नाकारते, हा तिचा स्वभाव. रात्री शिवकन्याने वाढलेल्या माझ्या वरणावर तूप नव्हतं. पाचवा नंबर लागला असेल मनाला.

एक राहिलंच. हरिओम दिवाळीला येणार, त्याला नंबर नाही. लेक आणि जावई दहा दिवसांनी अधिक महिना लागला की येणार, त्यांना नाही. सहा कमी पडतात. आकडा वाढवावा लागेल.

९ मे, शनिवार

सगळ्यांची खाती उघडली, पासवर्ड दिले. सकाळचा सगळा वेळ त्यात गेला. पाठ भरून आली.

रुख्मिणीला चार नंबरवर बसवलं. तिला कुरडया घालायच्या होत्या, हात चिकाने भरलेले, तरी बसली. पासवर्ड टाकला, आत गेली. आता आत काय आहे, तिने विचारलं. समोर एक उभी रेघ मिचमिच करत होती. मी सांगितलं, यातूनच सगळं सुरू होतं. ती थोडा वेळ थांबली. काहीच सुरू होईना तेव्हा गच्चीवर गेली.

मीच तिचं नाव मराठीत उमटवून पाहिलं. रुख्मिणीच्या जागी चौकोन चौकोन आले. काळ्या पडद्याला मराठी येत नाही. यूट्यूब येत नाही. भक्तीचे क्लासचे व्हिडिओ येत नाहीत. सुरुवातीला शिस्त म्हणून हे चांगलंच आहे.

भक्तीला तिचा सहावा दाखवला. म्हणालो, ही तुझी स्वतःची जागा, इथे दुसरं कुणी येणार नाही. ती हसली. पोरगी समंजस आहे. मग पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली, कारण मधल्या खोलीत टीव्ही चालू होता.

संकल्प: सोमवारी आकडा बारा करायचा. कीबोर्डवर एफ बाराच आहेत, म्हणजे बनवणाऱ्याच्या मनातही बाराच होते.

१२ मे, मंगळवार

सोमवारी जमलं नाही. गुडघा.

आज केलं. मशीनच्या पोटात एक फाईल असते, तिच्यात किती पडदे उघडायचे त्याची ओळ असते. ओळीत सहाचा आकडा होता. तो खोडून बारा केला. फाईल जपून ठेवली, मशीन बंद करून चालू केलं. एफ-एट दाबलं. काही नाही. नुसता काळोख, नावसुद्धा विचारेना.

परत बघितलं. बाराच लिहिलेले. परत बंद, परत चालू. काही नाही. आमच्या गल्लीत व्होल्टेज कमी असतं. त्यात शेजाऱ्यांचे दोन कूलर. मशीन तरी काय करणार.

भागवत म्हणाला, खोलीचं काय झालं. म्हणालो, बारा होऊ दे, मग खोली लागणारच नाही.

१४ मे, गुरुवार

बाराचे वीस केले. काही फरक नाही. परत बारा केले. वीसचा हव्यास नको.

रुख्मिणीने आज जरा आवाज चढवला. म्हणाली, "तुमी एकदा ती मागची खोली उघडून तरी बगा." चार दिवस मी कुठे डोकं घालून बसलोय हे तिला दिसत नाही. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

संध्याकाळी हरिओम सापडला. त्याने फाईलचा फोटो मागवला. बघितल्या बघितल्या म्हणाला, बाबा, ओळीच्या आधी ते जाळीसारखं चिन्ह आहे ना, ते काढा. ते चिन्ह असलं की मशीन ती ओळ वाचतच नाही. ओळ नुसती लिहिलेली असते, तिचा उपयोग काही नसतो. मी म्हणालो, माहीत आहे, तपासून बघत होतो.

पुढे म्हणाला, चिन्ह काढल्यावर मशीन बंद-चालू करा, पण कुणी कामात नाही ना ते आधी विचारा. विचारा हे त्याने तीनदा सांगितलं. ही पिढी आपल्याला लहान मूल समजते. उद्या करतो.

१७ मे, रविवार. अधिक मास सुरू

शुक्रवारी लाईट नव्हती. शनिवारी होती, पण मी झोपलो होतो.

आज चिन्ह काढलं. आता मशीन बंद-चालू करायचं, पण त्यात वेळ फार जातो. इंटरनेटवर एका माणसाने एक हुकूम दिला आहे. त्याने मशीन बंद न करता फक्त पडद्यांचा कारभार पाहणारा भाग नव्याने सुरू होतो. एक्स्चेंजमध्येही आम्ही पूर्ण बोर्ड कधी पाडत नसू.

भक्ती टेस्ट देत होती. नांदेडच्या क्लासची मोठी टेस्ट, वेळ लावलेली. त्यावरून वरची बॅच ठरते म्हणे. आबांना ठसका लागला म्हणून ती पाणी द्यायला उठली. खुर्ची मोकळी दिसली. मी तिच्या सातव्या पडद्याला हातही लावला नाही, सरळ माझ्या दुसऱ्यावर गेलो आणि हुकूम दिला.

बारा झाले. एफ-एटपासून एफ-ट्वेल्व्हपर्यंत सगळे नाव विचारू लागले. एकेक उघडून पाहिला.

सातव्यावर परत आलो तर रंगीत पडदा गेलेला. नाव विचारत होता. ती टेस्ट परत उघडेना, वेळ संपली म्हणे. भक्ती तांब्या हातात धरून उभी होती. मी सांगितलं, तू तुझ्या सहाव्यावर असतीस तर हे झालं नसतं. ती म्हणाली, "असू द्या मोठे बाबा." तांब्या जागेवर ठेवला आणि वर गेली. जेवायला आली नाही. उन्हाने भूक मरते.

पण बारा झाले.

२० मे, बुधवार

घरात शांतता आहे. प्रश्न सुटल्याचं लक्षण.

कीबोर्डच्या बटणांवर कागदाचे तुकडे कापून चिकटवले. आबा, मी, भागवत, रुख्मिणी, शिवकन्या, भक्ती. सातव्याला सार्वजनिक. पुढे हरिओम, लेक, जावई. दोन मोकळे ठेवले, पाहुण्यांसाठी. छान दिसतं. डिंक जरा जास्त झाला, भागवतचं बटण एकदा दाबलं की वर येत नाही.

आत आत्ता कोण कोण आहे ते बघायचा एक हुकूम असतो. देऊन पाहिला. मी एकटाच होतो. बाकीचे कामात असतील. दुपारी परत पाहिलं, तेव्हाही मीच. संध्याकाळी पाहिलंच नाही, सारखी पाळत ठेवणं बरं नव्हे.

२३ मे, शनिवार

लेक आणि जावई आले, देवगाव फाट्याहून. महारुद्र गुणी मुलगा आहे, खताचं दुकान आहे. धोंड्याचं वाण, अनारसे, पुरणाचं जेवण, सगळं यथासांग झालं. रुख्मिणी आणि शिवकन्या पहाटेपासून चुलीपुढे होत्या.

नंबराची पंचाईत मला ऐनवेळी लक्षात आली. जावयाला दहावा नंबर कसा द्यायचा? धोंड्याच्या महिन्यात? तेही पाहुण्यांच्या मोकळ्या नंबरांना लागून? खूप विचार केला. शेवटी भक्तीला म्हणालो, तू लहान आहेस, तू दहावर जा, सहा भाऊजींना दे. ती बरं म्हणाली. बटणावरचा कागद मी चाकूने खरवडला. भागवत बघत होता.

जेवणानंतर महारुद्रला सगळ्यांदेखत खुर्चीवर बसवून बारा पडदे दाखवले. तो मान हलवत होता. शेवटाला म्हणाला, "पर मामा, कीबोर्ड तर एकच हाय. बसायला खुर्ची बी एकच. मग बारा जण बसायचे कसे?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिवकन्या ताटं उचलायला लागली.

मी समजावलं की पडदे आणि खुर्ची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सुरुवातीला असंच वाटतं. त्याने वायफायचा पासवर्ड विचारला.

खुर्चीचा मुद्दा मला आधीच सुचला होता. वेळापत्रक लावणार आहे.

२६ मे, मंगळवार

दळण आणायला गेलो होतो. गिरणीवर माणिकराव भेटला. आम्ही एक्स्चेंजला बरोबर होतो, त्याची अजून थोडी नोकरी राहिली आहे. म्हणाला, तुमची पुतणी लय अभ्यासू. नांदेडची गाडी दुपारी येते, पण ही पोरगी घरी जातच नाही. प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या बाकड्यावर, पंख्याखाली, दिवेलागणीपर्यंत वाचत बसते. चहावाला तिला आता ओळखतो. कुत्री येतात, माल उतरतो, अनाउन्समेंट चालू असते, पण ही मान वर करत नाही.

मी म्हणालो, रेल्वेची ओढ आमच्या रक्तातच आहे.

घरी येऊन रुख्मिणीला सांगितलं. तिला ठाऊक होतं. शिवकन्याला ठाऊक होतं. क्लास लांबतो असं सगळे मला सांगत होते. भागवतला मात्र ठाऊक नव्हतं. तो उठून चपला घालून स्टेशनवर गेला आणि तिला घेऊन आला. दोघं चालत आले, तिची बॅग त्याच्या खांद्यावर.

रात्री तो माझ्यासमोर बसला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "दादा, तिला दार लावून वाचायला एक जागा पायजे. दुसरं काहीच मागत नाही मी."

मी त्याला सांगितलं, दोन नंबर तर अजून मोकळेच आहेत.

तो माझ्याकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी काळ्या पडद्याकडे बघत होता, तसा. मग बरं म्हणाला.

भावाभावांत असं मोकळेपणी बोलणं झालं की बरं वाटतं. तरी झोप आली नाही. कूलरचा आवाज.

३० मे, शनिवार

वेळापत्रक तयार केलं. रेल्वेसारखं. आबांना सकाळची वेळ दिली आहे, ती त्यांनी नाही वापरली तर भक्तीला मिळेल. भिंतीवर लावलं. कुणी वाचताना दिसलं नाही, पण येता-जाता नजर पडतच असेल.

शिवकन्या पितळेची भांडी पोत्यात भरते आहे. पावसाळ्याआधीची आवराआवर. मी रुख्मिणीला म्हणालो, बघ, ती किती आधीपासून तयारीला लागली. रुख्मिणी माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का. काय ते सांगितलं नाही. बायकांचं आपसात काहीतरी असेल.

पण मनाशी ठरवलं. मागची खोली काढायची. भागवतला दाखवून द्यायचं की मी नाही म्हणालोच नव्हतो. मंगळवारी सुरू.

२ जून, मंगळवार

सुरू केलं. दार अडकलं होतं, खांद्याने ढकललं. आत उभं राहायला जागा नाही. सगळ्यात वरच्या खोक्यात रेल्वे कंट्रोल ऑफिसचा जुना काळा फोन सापडला, हाताने फिरवायचा. अजून फिरतो. तो पुसत बसलो. मग त्याची वायर शोधली. मग वायरला जोडायची बॅटरी शोधली. दुपार झाली.

एक खोकं बाहेर आणून ठेवलं होतं, त्याच्या धुळीने आबांना ठसका लागला. आत नेऊन ठेवलं.

म्हणजे सुरुवात झाली. अर्धं काम सुरुवातीतच असतं.

५ जून, शुक्रवार

भागवत निघाला.

सकाळी दारात टेम्पो उभा. मला वाटलं शाळेचं काही सामान असेल. स्टेशनच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या आहेत, इथून दोन गल्ल्या सोडून. भांडी, गाद्या, शिलाई मशीन, भक्तीची पुस्तकं. भागवतने माझ्या पाया पडून सांगितलं, दादा, भांडण नाही, बारावीचं वर्ष आहे फक्त. शिवकन्या रुख्मिणीच्या गळ्यात पडून रडली. मी बाजूला उभा राहून दोऱ्या कुठे बांधायच्या ते टेम्पोवाल्याला सांगत होतो.

भक्ती पाया पडली. मी म्हणालो, तुझा दहावा नंबर तसाच ठेवतो. ती म्हणाली, ठेवा.

मग आबा उठले. म्हणाले, मी बी जातो चार दिवस. तिथून गाडी दिसते. भक्ती त्यांना रोज पेपर वाचून दाखवते, त्याचीही सवय झालेली. त्यांना टेम्पोत पुढे बसवलं. मागे त्यांची खाट चढवली.

चार दिवसांसाठी खाट कशाला, असं मनात आलं. सोयीसाठी नेली असेल. आबांना दुसऱ्या खाटेवर झोप येत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात रुख्मिणीने सवयीने सहा ताटं काढली आणि चार परत ठेवली. आवाज फार होतो ताटांचा.

९ जून, मंगळवार

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं.

आज मागची खोली रिकामी केली. सकाळचा चहा घेऊन सुरू केलं आणि जेवायच्या आत झाली. एकेक वस्तू बघत बसलो नाही. भंगारवाल्याला बोलावलं, घेऊन जा म्हणालो. काळा फोन ठेवणार होतो, तोही दिला. मॉनिटरांच्या मागे खिडकी निघाली. खिडकी आहे हे मी विसरून गेलो होतो. कडुनिंबाकडे उघडते, वारा येतो. रुख्मिणीने पाणी टाकून फरशी पुसली. भिंतीला टेबल लावलं, त्यावर दिवा ठेवला. दार आता सहज लागतं.

दोन गल्ल्या चालत गेलो, भागवतला सांगायला. आबा ओट्यावर खाटेवर बसले होते. मला बघून म्हणाले, "आत्ता गेली बघ गाडी." भागवतला म्हणालो, खोली झाली. तो चांगलं झालं म्हणाला, चहा घेऊन जा म्हणाला. मी जरा मोठ्याने बोलत असेन. शिवकन्याने ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या दाराकडे मान केली. दार लावलेलं होतं. आत भक्ती वाचत होती.

चहा हळू आवाजात घेतला आणि परत आलो.

रुख्मिणी म्हणाली, टेबल कुणासाठी लावलं. म्हणालो, असू दे.

मग मधल्या खोलीत कॉम्प्युटर लावला. बारा पडदे एकापाठोपाठ एक उघडून पाहिले. बाराही पडद्यांवर तेच, नाव सांगा. बटणांवरचे कागद सुकून कडा वर आल्या आहेत, भक्तीचा निघूनही गेला. फाईल उघडली. बाराचा एक केला. ओळीच्या आधी ते चिन्ह नाही ना, ते दोनदा बघून घेतलं. आता मशीन बंद-चालू करायचं राहिलं.

आधी विचारायचं, कुणी कामात नाही ना. उठलो, दारापर्यंत गेलो. स्वयंपाकघरात रुख्मिणी भाजी निवडत होती. परत येऊन खुर्चीवर बसलो आणि बटण दाबलं.